मागं काहीच नव्हतं

पडद्यावर एक आकडा असतो. तो गाडीचा स्वतःविषयीचा समज.
खरा आकडा माझ्या वहीत,
गुडघ्यावर वही ठेवून, बोटांना डिझेलचा वास असताना
पेन्सिलीने मांडलेला:
इतके मैल, इतके गॅलन, भागाकार.

ऑर्व्हल टेशला हे पटत नाही.
त्याची पांढरी, नवी, खुर्ची गरम करणारी.
माझी तांबडी, वीस वर्षांची, दार दोनदा आपटावं लागतं.
"ट्रेलर ओढताना तेरा देते," कॉफीच्या टेबलावर तो सांगतो.
गेल्या गुरुवारी चौदा देत होती.
कुठं देते, मी विचारते. उतारावर?

म्हणून ऑक्टोबरात पैज लागली.
रॉलिन्स ते टॉरिंग्टन, दोनशे एकतीस मैल.
त्याच्या मागे कालवडी, माझ्या मागे तीन घोड्या,
वेग दोघांचाही बासष्ट,
टाकी एकाच पंपावर, खट् झालं की हात काढायचा,
वर आणखी थेंबभरही नाही.
हरेल त्याने वर्षभर खरं बोलायचं.

एल्क माउंटनपाशी वारा पाठीमागून लागला,
असा, की काटेरी झुडपांचे गोळे
आमच्या पुढे धावत होते.
थोरली घोडी चढावर पाय बदलायची
तेव्हा तो धक्का हुकातून, चौकटीतून
माझ्या कमरेपर्यंत यायचा.
चालवतंय कोण ते तिला कळतं.
किंवा मला तसं वाटतं.

टॉरिंग्टन. माझे बारा पूर्णांक एक.
ऑर्व्हलचे अकरा पूर्णांक एक; पडद्यावर साडेबारा.
"मध्येच फिल्टर स्वतःला जाळत होता," तो म्हणाला,
"तेवढं धरू नकोस."
आणि निळ्या टोपणाच्या टाकीत ओततोस ते?
ते कुणाच्या खात्यावर?
त्याने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.

माझा गुडघा आता रिकिबीत चढू देत नाही
आणि नुसत्या उभ्या घोड्यांना हिवाळाभर गवत घालणं परवडत नाही.
बाजारातही याला फार वेळ लागला नाही.
लिलाववाल्याची जीभ दम खात नाही.
थोरलीला स्कॉट्सब्लफच्या एका बाईने घेतलं.
तिने आधी खूर पाहिले, मग दात,
मग उगाच थोडा वेळ मान थोपटली.
ते एक बरं झालं.

"परतीला तू पंधरावर जाशील," ऑर्व्हल म्हणाला,
"मागं आहे काय?"

मागं काहीच नव्हतं.
लॅरमीच्या पुढे वारा समोरून आला
आणि तांबडी खालच्या गिअरमध्ये कण्हायला लागली.
पाय तळाला टेकलेला, बासष्ट काही धरवेना,
रिकामा ट्रेलर मागे खडखडत,
साखळी कशाला तरी आपटत,
डिझेलचा काटा डोळ्यांदेखत खाली.
माझ्या कमरेपर्यंत काहीच येत नव्हतं.

रॉलिन्सला आठ पूर्णांक नऊ.
"चुकलीस, मार्व्हा," ऑर्व्हल म्हणाला, फोनवर भागाकार केला,
पुन्हा केला. मग स्वतःचा केला:
नऊ पूर्णांक सहा.
जाताना मी जिंकले, येताना तो.
पैजेचं काय करायचं ते दोघांनाही सुचेना.

वाऱ्याला वजन कळत नाही.
त्याला समोरची भिंत कळते,
आठ फूट उंच, सात फूट रुंद,
आत कुणी असो नसो.
हे मी ऑर्व्हलला सांगितलं नाही, त्याला ठाऊक असणार.
वहीत 'ओझं' नावाचा रकाना आहे, त्यात शून्य लिहिलं
आणि पंपाच्या दिव्याखाली
ते शून्य दोनदा गिरवलं.

सोमवारी कॉफीच्या टेबलावर कुणीतरी विचारलं,
काय रे, पांढरी किती देते?
ऑर्व्हलने माझ्याकडे पाहिलं.
"साडेनऊ," म्हणाला, कबुलीजबाबाच्या आवाजात.
"वारा समोरून असला तर."
सगळे हसले, त्यांना ती थट्टा वाटली.

ट्रेलर अजून धुतलेला नाही.