पोटखराब

डाळ मिलचा हिशेबाचा डबा दुकानात आलाय,
पंख्याच्या पात्यांवर तुरीची पिवळी भुकटी.
मोईज म्हणतो, ताई, हा मधेच झोपतो.
स्टिकरवर आठ जीबी.

बटण दाबल्यावर क्षणभर
आत कुणालाच काही ठाऊक नसतं.
अनोळखी गावात एसटीतून उतरावं
तसा कर्नल उतरतो,
आणि आधी बायोसला गाठतो, कोतवालाला गाठावं तसा:
जमीन किती? कुठून कुठवर?
कोतवाल सोळाच्या अंकांत यादी वाचतो.
इथून तिथवर मोकळी.
हा तुकडा माझा, हात लावू नका.
तो पट्टा स्क्रीनचा, पत्ता आहे, माती नाही.

अप्पा मोजणीदार होते, उदगीरच्या भूमी अभिलेखात.
साखळी टाकायच्या आधी तेही विचारायचे,
गायरान कुठलं, मसणवटा कुठं, ओढा कुठून वळतो.
एकदा देवणीकडं
नकाशात सरळ रान होतं
आणि साखळीवाला नरहरी कमरेइतका
बुजवलेल्या बारवेत.
तेव्हापासून अप्पा कागद वाचायचेच,
पण काठी आपटत चालायचे.

जुनी यंत्रंही अशीच चालायची.
पत्त्यावर एक आकडा ठेवायचा,
लगेच तोच परत मागायचा.
आला तर जमीन.
नाही तर माळावर मारलेली हाक.

मग नकाशा काढायचा. पण ठेवायचा कुठं?
अजून न वाटलेल्या त्याच जमिनीत.
म्हणून कर्नल पहिल्यांदा
स्वतःच्या पायाखालचं नावावर करून घेतो,
नाहीतर घाईत तेच देऊन टाकेल कुणाला.

रात्रभर तपासणी लावली. इन्व्हर्टर घरघरत होता.
तीन चाळीसला लाल ओळ:
पाचव्या जीबीत एका जागी
ठेवला एक, परत आला शून्य.

नवी पट्टी लातूरहून सोमवारी येणार.
मी सुरुवातीच्या आज्ञेत एक ओळ वाढवली,
एवढ्या चार किलोबाइटला शिवू नकोस.
फेकायची नाही का पट्टी, मोईजनं विचारलं.
मला अप्पांची वही आठवली, प्रत्येक गटाखाली तो रकाना:
खडक, नाळी, पायवाट, एक थडगं.
क्षेत्रात धरलेलं. आकार नाही.

डबा सुरू झाला.
मोईजनं पहिली पावती टाकली,
तूर, सत्तावीस कट्टे,
ओल जरा जास्त.