मिश्र द्रवणांक

जानेवारीत आमच्या लश्करच्या कॉलेजात
अ‍ॅसेटिक आम्ल बाटलीतच गोठायचं.
रामसेवक भैया ती बाटली शालीत गुंडाळून
पायरीवरच्या उन्हात बसायचे, अंडं उबवावं तसे.
आणि मे महिन्यात ईथर:
बूच काढलं की नुसता वास.
पस्तिसाला उकळणारं द्रव्य
पंचेचाळिसाच्या ग्वाल्हेरात राहणार तरी कसं?
फणसे बाई म्हणायच्या,
पुस्तकातलं ‘खोलीचं तापमान’
हे दुसऱ्याच कुणाच्या तरी खोलीचं आहे.

बाईंचे नियम फळ्यावर कधीच नसायचे.
उकळायच्या आधी चिनीमातीचे तुकडे टाका.
नंतर आठवलं तर हात आवरा, गार होऊ द्या;
तापलेल्या द्रवाला उशिराचं शहाणपण सोसत नाही,
तो थेट छताला जातो.
विभाजक नरसाळं हलवताना
मधूनमधून तोटी उघडून त्याला श्वास सोडू द्या,
तोंड भिंतीकडे, मैत्रिणीकडे नको.
धुवायला द्रावक गार, आणि थेंबाथेंबानं.
हात सैल सोडलात
तर धुतलेलं स्वच्छ होईल, उरणार नाही.

मला आली सात नंबरची पुडी,
पिवळट, बिननावाची.
पाण्यात थोडं अल्कोहोल घालून विरघळवली,
कोळशाची चिमूट टाकली,
गाळणकागदाला नऊवारीसारख्या निऱ्या घातल्या,
गरम होतं तोवर गाळलं
आणि बसले.
काही येईना.
द्रावण नितळ, त्यात माझंच तोंड.
बर्फ आणायला उठले तर भैयांनी अडवलं:
घाई केलीस तर पीठ मिळेल, स्फटिक नाही.
मग काचेची कांडी घेऊन
भांड्याच्या आतल्या अंगाला त्यांनी ओरखडा काढला,
ऐकू येईल न येईल असा.
तिथूनच सुरू झालं.
एक सुई, तिला टेकून दुसरी,
मग मोजता येईनात.
“चिकने काँच पै कछू नईं बैठत, बिन्नू.”

द्रवणांक एकशे बावीस.
वहीत लिहिलं: बेंझोइक आम्ल.
खाली दोन रेघा.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
“मिसळून पाहिलंस?”

कपाटातल्या बाटलीतलं चिमूटभर बेंझोइक,
तेवढंच माझं,
एकत्र खललं, केशनळीत ठोकून बसवलं,
पॅराफिनमध्ये तापवत नेलं.
शंभरसुद्धा झाले नव्हते
तोच नळीतल्या कणांना घाम फुटला.
एकेकटी दोन्ही एकशे बावीसपर्यंत ताठ,
एकत्र आल्यावर मात्र
कुणालाच तेवढा तग धरवेना.
“नॅफ्थॉल आहे ते,” बाई म्हणाल्या.
“खायच्या सोड्याला विचारलं असतंस,
तर न फसफसता त्यानं सांगितलं असतं.”
मी नाव खोडलं. रेघा तशाच राहिल्या.
उत्पादन एकसष्ट टक्के.
बाकीचं कुठे गेलं, त्याला वहीत रकाना नव्हता.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून मामेबहीण आली.
मी म्हटलं, चहा थंडा होऊन राहिलाय, पी ना.
ती हसली. वाईट नाही हसली.
“तुमची मराठी शुद्ध नाही गं.”
तेव्हा मला काही सुचलं नाही.
आता सुचतं, पंचवीस वर्षांनी,
त्याच टेबलाशी, मुलं नळ्या ठोकत असताना:
हो, मिसळलेलीच आहे.
म्हणून तर ती लवकर वितळते,
आणि एका अंकावर नाही,
पुष्कळ अंशांमधून, हळूहळू,
कडेपासून.

भैयांच्या ओरखड्याचं भांडं
अजून खालच्या फडताळात आहे.
यादीत ते ‘सदोष’ म्हणून लिहिलंय.
परीक्षेच्या दिवशी
ज्या मुलाचं द्रावण नुसतंच नितळ राहतं
आणि डोळे भरून येतात,
त्याच्यासमोर मी ते नेऊन ठेवते.
काही बोलत नाही.