हाव

साताऱ्याकडं हाव म्हणजे लोभ.
भांडेवाडीच्या समाजमंदिरात हाव म्हणजे होय.
संस्थेत रुजू होताना
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं वर्षभर विचारत गेले,
बचत पन्नासची ठेवायची? हाव.
बैठक बुधवारी? हाव.
शेड नाल्याच्या अंगाला? हाव ताई.
आणि मी इतिवृत्तात लिहीत गेले
ठळक, तिरक्या अक्षरात,
सर्वानुमते.

शेड अजून नाल्याच्या अंगालाच आहे.
तिथं कुणाची तरी शेळी बांधलेली असते.
अहवालातल्या फोटोत शेळी नाही.

मग मला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं.
तिथं शिकले, खुर्च्या गोल मांडा,
प्रश्न विचारा आणि गप्प बसा,
मनात वीसपर्यंत आकडे मोजा.
मी मोजायचे. एकोणीस, वीस.
एकविसाव्याला माझीच जीभ सुटायची
आणि सोळा जणी सुटकेचा श्वास टाकायच्या:
चला, आता हाव म्हटलं की घरी.

त्या दिवशी मे महिना होता.
पत्र्याखाली बसलो होतो. कूलरला वाळ्याची नवी ताटी
आणि टाकीत अर्धी बादली पाणी.
मुंबईहून पैसे आलेले, एकाच कामाचे,
एकतीस तारखेच्या आत खर्च दाखवायचा.
काटा घ्यायचा का, आपला स्वतःचा,
कचऱ्यातून वेचलेलं मोजायला?
मी विचारलं. मोजू लागले.
वीस झाले.
चाळीस झाले.
मार्करचं टोपण दातात धरून ठेवलं
म्हणून तोंड बंद राहिलं, खरं तर तेवढंच.
साठ. कूलर घरघरत होता.
फुलवंता रामटेके पदराच्या काठाची दशी ओढत होती.
नसीमनं खिडकीतून उन्हाचा अंदाज घेतला.
शंभराच्या पुढं कुठंतरी मी मोजणं विसरले.

"नाई," दुर्पता उके म्हणाली.

दोन वर्षांत त्या छपराखाली
हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"नाई बाप्पा. आधी त्या कूलरचं तोंड फिरवा.
दोन उन्हाळे झाले, सारी हवा तुमच्याकडंच जाते."

मी उठले. कूलर फिरवला.
चाकं नव्हती, फरशीवर केवढ्यानं ओरडला.
वारा फुलवंताच्या केसांत शिरला, मग नसीमच्या,
आणि माझ्या मानेवरून घाम ओघळला,
त्यांच्याइतकाच खारट असावा.

"आता आइका. काटा त कबाडीवाल्याकडं बी हाय.
त्याचा काटा खोटा हाय, हे साऱ्याइले मालूम हाय.
नवा आनला तरी माल घेनार तोच.
त्याले त्याच्या तोंडावर सांगाले कोन जाईन, ते ठरवा."

"एकटी गेली त हाकलून देते."
"मले दिलं होतं, दिवाळीच्या आधी."
"मंग सोळा जनी जाऊ नं!"
"अन् त्यानं माल घेनंच बंद केलं त? तू देशीन का पैसे?"
"माहा भासरा त्याच्याच गोदामात हाय, मी नाई येत."
"नको येऊ. पन त्याले आधी सांगू बी नको."

फळ्यावरचा कागद कोराच.
मार्कर फुलवंताच्या मांडीवर कसा गेला, कळलं नाही.
तिनं लिहिलं नाही. रेघा ओढल्या,
येणारीची एक रेघ, न येणारीची आडवी.
मध्ये दोन भांडणं झाली, एक जुनं, नळावरचं.
ते मिटवायला मी पुढं सरकले
तर नसीमनं नुसता हात दाखवला, बसा.

ठरलं काही नाही.
सायत्रा आलेली नव्हती,
तिच्याशिवाय तिच्या नावची रेघ ओढायची नाही
एवढंच ठरलं. मंगळवारी बघू.

मुंबईच्या तक्त्यात रकाने आहेत,
उद्दिष्ट, निष्पत्ती, लाभार्थी संख्या.
'मंगळवारी बघू' कुठल्या रकान्यात बसवू
ते मला माहीत नाही.
एकतीस तारीख शनिवारी आहे.

पाचाला नळ येतो, सगळ्या उठल्या.
दारातून दुर्पतानं मागं पाहिलं:
"पुढच्या खेपेले चहा तुमी मांडसान का, ताई?
शेवंताले बी बोलाचं रायते."

हाव, म्हटलं.