दहापैकी किती

कोपरखैरण्याच्या ह्या गल्लीत
मी एकोणीस वर्षं घरं दाखवते.
गल्लीची लांबी दोनशे दहा पावलं. माझी.
हळबेकाकांची तीनशे चाळीस,
कारण गुडघा बदललेला,
आणि दोन ठिकाणी गटाराची झाकणं बोटभर वर आलेली.
कलिंगड घेताना वाजवावं
तसं ते काठीने झाकण वाजवून बघतात
आणि म्हणतात, "पाष्टेबाई, घर चांगलंय हो.
पण घराबाहेर पडायचं कशावरून?"

गल्ली कुणाला कधी दाखवायची
एवढंच माझ्या धंद्याचं भांडवल.
पोरंबाळंवाल्यांना सकाळी दहाला,
शाळेच्या बसेस एकमेकींना आडव्या होऊन,
शिव्या देऊन-घेऊन पांगल्या की.
गाडीवाल्यांना मे महिन्यात,
निम्मी गल्ली साताऱ्याला गेलेली असते तेव्हा.
"बघा, पार्किंगच पार्किंग!"
जून त्यांचा त्यांना कळतो.
हिवाळ्यात रात्री दोनला मात्र कुणालाच नाही.
तेव्हा एमआयडीसीकडून वास सुटतो
कुजक्या लसणासारखा,
आणि दूधवाला यायच्या आत
कुणी पुसून घेतल्यासारखा जातो.

कोपऱ्यावर सप्तपर्णी आहे.
ऑक्टोबरात आंबर्डेकर जोडपं आलं होतं.
तो झाडाखाली थांबला, छाती भरून श्वास घेतला,
म्हणाला, "इंद्रायणी, हेच घर."
ती पर्समध्ये पंप शोधत होती.
पंप ओढून झाल्यावर
तिने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही.
रिक्षा मीच थांबवली.

माझ्याकडे एक वही आहे.
पाणी, लाईट, शाळा, बाजार, स्टेशन, शेजार,
प्रत्येकाला दहापैकी गुण.
शेजाराला मी डोळे झाकून आठ देत आले.
का, ते कुणी विचारलं नाही.

मग रेश्मा मुजावर आली.
वाशीच्या हॉस्पिटलात नर्स, एकटी,
वन रूम किचन हवं, स्वतःच्या कर्जावर.
मी सांगितली ती वेळ तिने ऐकून घेतली
आणि आली पहाटे चारला, मला न कळवता,
ड्युटीच्या कपड्यांत, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत.
दुसऱ्या दिवशी फोनवर हिशोब दिला:
"खांब अकरा. दिवे चालू आठ.
मेडिकलसमोर अंधार आहे, तो भाग पळत काढावा लागेल.
पावाची गाडी पावणेपाचला येते, म्हणजे माणूस जागं असतं.
कुत्री तीन. दोन गप्प राहिली, एक भुंकलं.
चालेल. दहापैकी सात."

एकोणीस वर्षांत असे गुण
कुणी दिले नव्हते ह्या गल्लीला.
मी स्वतःसुद्धा.

चेअरमननी चहा मागवला.
नाव विचारलं. नावावर थोडा वेळ थांबले.
मग बशीत चहा ओतत म्हणाले,
"ती रूम ना? ती तर कालच गेली."

रूमची किल्ली माझ्या पर्समध्ये होती.
किल्लीला पितळेचा गणपती. तो दुसऱ्या किल्लीवर वाजला
की मी वाजवला, आठवत नाही.
मी चहा प्यायले.
चहा चांगला होता.

जिना उतरताना ती म्हणाली,
"काल दुपारीच मी एक गुण वाढवला होता.
खालच्या आजींनी पाणी विचारलं म्हणून."
पुढे काही नाही. मेडिकलसमोरून गेली,
दिवसाढवळ्या, पण पाय उचलून.

वासाचं मी आता आधीच सांगून टाकते.
दोन सौदे मोडले त्यापायी, मोडू देत.
शेजाराचा रकाना कोरा ठेवते.
गिऱ्हाईक बोट ठेवून विचारतं, "हे राहिलं का भरायचं?"
मी म्हणते, "हो, राहिलंय."

हळबेकाकांनी शेवटी तळमजला घेतला.
संध्याकाळी सप्तपर्णीपर्यंत जातात, परत येतात.
झाकणं तशीच आहेत.
काल पुन्हा काठीने वाजवलं, कान लावला,
आणि मला बघून हसले:
"अजून कच्चंच आहे, पाष्टेबाई."