उजवा खांदा

माघ वद्य दशमीला समितीचा माणूस येतो.
पितळी ताटात घडी घातलेली घोंगडी,
वर हळदकुंकू, एक नारळ.
चार पिढ्यांचा मान आमचा, वरठ्यांचा:
उकंडाजी महाराजांची घोंगडी धुवायची,
वाळवायची, आणि दिवेलागणीच्या आत
समाधीवर नेऊन घालायची.

आमचा हा खारपाण पट्टा. साबण फेसत नाही,
डाळ शिजत नाही,
पाहुण्याला चहा देताना आधी माफी मागावी लागते.
म्हणून घोंगडीला रिठे
आणि पिंपळझरीहून आणलेलं गोडं पाणी,
मोजून तीन बादल्या.

तिकडे रोडग्यांसाठी गोवऱ्या पेटलेल्या,
आणि पारायणात सातवा अध्याय.
पुंडकर गुरुजींचा आवाज भोंग्यातून
थेट आमच्या धुण्याच्या दगडावर येतो:
करस्पर्श होता कूपासी । क्षार गेला विलयासी ।
गोडी आली उदकासी । उकंडनाथप्रसादे ॥
बाया हात जोडतात. मीही जोडते,
रिठ्याच्या फेसासकट.

विहीर आजही खारीच आहे.
कुणी विचारलंच तर गुरुजी म्हणतात,
महाराज गेले, गोडी गेली.
ते खरंच आहे.

मला सांगितलं सासूनं, पंचफुलाबाईनं,
लग्नानंतर दुसऱ्या माघात.
तिला तिच्या सासूनं, गुंफाबाईनं.
लेकींना सांगत नाहीत; लेकी गाव सोडून जातात.

गुंफाबाईनं घोंगडी पहिल्यांदा धुतली
तेव्हा महाराज होते.
उघड्या अंगानं दगडाशेजारी बसले होते
घोंगडी वाळायची वाट पाहत, थंडीत.
तिनं पाहिलं, सगळी घोंगडी धड,
फक्त उजव्या खांद्यावर लोकर झिजून जाळी झालेली.
झोपून अशी झिजत नाही.
ध्यानाला बसूनही नाही.
अंगावरचं कापड वरठिणीशी खोटं बोलत नाही.

ती म्हणाली, “बाबा, पिंपळझरी तीन कोस हाय.”

रात्रीतून दोन खेपा.
विहिरीच्या काठी रांजण, रांजणाशी महाराज,
आणि ते बसले असताना
पोहरा सोडायची कुणाची छाती नव्हती.
पहाटे गाव ओंजळ ओंजळ प्यायचं
आणि म्हणायचं, विहीर फिरली.

हसले म्हणे.
“कोनाले सांगू नोको, गुंफे.
देवाचं पानी मानूस सुखानं पेते.
मानसाचं पेलं का त्याले ओझं होते.”

यंदा समितीनं अकोल्याहून रफूवाला बोलावला.
काचेच्या पेटीत भोक शोभत नाही म्हणे.
मी घोंगडी छातीशी धरून उभी राहिले.
राहू द्या, म्हटलं.
“काहून?”
मला काही सुचेना.
म्हटलं, महाराजांना तिथून वारा लागायचा.
गुरुजींनी चष्मा वर केला
आणि वहीत टिपून घेतलं.
पुढच्या माघात माझं हे खोटं ओवी होऊन
भोंग्यातून अंगणात येईल,
आणि मी हात जोडीन.

रफूवाला रोडगे खाऊन परत गेला.

आमच्या अंगणात दोन खुंट्यांवर एक जुना बांबू आहे,
तेल प्यायल्यासारखा काळा.
त्यावर वर्षभर गावाची लुगडी वाळली,
आता चादरी आणि शाळेचे गणवेश.
पोथीत कावड नाही.
महाराज गेले त्या रात्री गुंफाबाईनं
ती इथे आणली, दोऱ्या सोडल्या,
आणि सकाळी वर कपडे टाकले.

आज घोंगडी वाळत घातली सुनेनं, प्रणालीनं.
नवी आहे. मूर्तिजापूरची.
बांबूचा मधला भाग घासून चपटा झालाय,
त्यावर घोंगडीची जाळी नेमकी आली.
ती थांबली.
बोट घातलं भोकातून, खालचा बांबू चाचपला.
मग सहजच तिचा हात
स्वतःच्या उजव्या खांद्याकडे गेला.

“आई,” म्हणाली.

मी रिकाम्या बादल्या उचलल्या.
भोंग्यातून आठवा अध्याय सुरू झाला होता.