सहीचं अक्षर

चॅपलच्या दारावर अर्ज ठोकलाय:
बायांना मागांवरून काढा.
खाली सह्या. निम्म्या नुसत्या फुल्या.
सतराव्या ओळीत ईनॉक हॅलिवेल,
पहिल्याच अक्षराला पोक आलेलं.

ते पोक माझ्या ओळखीचं.
लग्नाच्या आदल्या रात्री
हात धरून मीच गिरवून घेतलं होतं,
रजिस्टरात फुली नको म्हणून.

त्याच्या हातमागावर आता कोंबड्या बसतात.
मी पहाटेच ब्लॅकबर्नच्या गिरणीत,
धोट्याच्या भोकातून ओठांनी सूत ओढते;
तोंडभर तेल, कापूस.

शनिवारी साडेआठ शिलिंग
त्याच्यापुढे ठेवते.
मोजत नाही. खिडकीकडे बघतो.

"ओळ वाकडी गेली," मी म्हणते,
गिरणीतल्या सवयीनं,
आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

"काय?"

मी पाव कापायला घेते.