चौदा खिळे

मुलीचा फोन आला: आई, लेसचे घालू नकोस,
पटकन निघतील असे घाल, मागे रांग असते.
ती विसरली असणार,
पटकन निघेल असं माझ्या पायात काहीच नसतं.
डावा बूट दीड इंच उंच,
आत बुचाचे थर, तळाला लोखंडी पट्टी,
कडेकडेने खिळे.
पाचव्या वर्षी एक ताप येऊन गेला,
त्याची उरलेली बाकी हा बूट अजून फेडतोय.

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे
लवू आरोंदेकर बसतो. त्यानेच केलेला बूट.
म्हटलं, लवू, चिपीहून विमान आहे माझं,
तिथे मशीन असतं, लोखंड दिसलं की ओरडतं.
त्याने बूट मांडीवर उलटा घेतला,
दुसऱ्या कुणाचं काम तपासावं तसा पाहिला
आणि म्हणाला, "लोखंड काढलंय तर चलतलास कशार?"

मग टायरचा तुकडा कापला, दोऱ्याला मेण लावलं.
पकडीने एकेक खिळा उपटून करवंटीत टाकला.
करवंटी दर वेळी वाजत होती,
शेजारी कोळंबी सोलणाऱ्या बायका
मान वर करून बघत होत्या.
"चौदा," तो म्हणाला. मी मोजले नाहीत.
"हंयच ऱ्हवांदेत. तुमी परत इलास काय मारतंय सगळे."

आदल्या रात्री सुईने लेसची भोकं कोरली.
तांबडी माती निघाली, आणि वाळू,
ती सागरेश्वरची की शाळेच्या मैदानातली कोण जाणे.
खोबरेल लावून चामडं पुसलं.
उजव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते रफू केलं,
परक्या माणसांसमोर निदान अंगठा तरी झाकलेला असावा.
मग तालीम:
परात म्हणजे ट्रे, स्वयंपाकघराची चौकट म्हणजे मशीन,
रेडकरांचा तनिष टीव्हीचा रिमोट घेऊन अधिकारी.
पहिल्या खेपेला चार मिनिटं लागली.
तिसऱ्या खेपेला अडीच.
तनिष प्रत्येक वेळी पींऽऽ करायचा
आणि मला परत पाठवायचा.

तिथे खरी खुर्ची मिळाली, मागितल्यावर.
समोर एक कंत्राटदार, पट्टा काढलेला,
एका हाताने पँट सावरत उभा.
एक नवी नवरी पायातली जोडवी काढायला वाकलेली,
ती निघत नव्हती, तिची सासू ओढत होती.
"जूता भी ट्रे में, माताजी."
मी बूट सोडला. उभी राहिले.
सगळी इमारत दीड इंच डावीकडे कलली
आणि त्या कललेल्या इमारतीतून मी
सात पावलं चालले, खांबाला न धरता.

चौकट गप्प राहिली.
पलीकडे पडद्यावर माझा बूट सरकत होता,
नारिंगी, पारदर्शक,
थरावर थर, दर्यानं कापलेल्या कड्यासारखा.
भूगोलाच्या तासाला असलंच चित्र
मी फळ्यावर तीस वर्षं काढलं.
पडद्यासमोरच्या पोराने जांभई दिली
आणि माझा डोंगर पुढे ढकलला.

बूट घातला, गाठ मारली, निघाले.
आणि मग ते ध्यानात आलं.
आवाज नव्हता.
आयुष्यभर माझ्या अर्धा पाऊल आधी माझा आवाज पोचायचा.
व्हरांड्यात टक् झालं की आतून
"इली रे, बाई इली!" आणि बाकं सरळ.
माझे यजमान तर तेवढ्यावरून ओळखायचे
मी रागावलेय की नुसती दमलेय.
इथे त्या गुळगुळीत फरशीवर
मी कुणासारखी तरी चालत होते.
कुणी वळून पाहिलं नाही.
हेच तर हवं होतं ना, असं मनाशी म्हणत
मी पाण्याच्या नळापर्यंत गेले.

परत वळताना टाच जरा आत दाबली गेली,
आणि फरशी बोलली. अगदी बारीक.
टक्.

चौदा, म्हणाला होता लवू.
विसरला, की राहू दिला?
परत गेल्यावर करवंटीतले मोजणार नाही मी.
खिडकीशेजारची जागा होती,
तिथपर्यंत पाय मुद्दाम टेकत गेले.